जहर काढलेला कंद

“ह्यात जहर होतं. आता नाही. खा,” असं म्हणून ज्या गृहस्थांनी माझ्यापुढे पहिली बशी ठेवली, ते माझे घरमालक. त्यांच्याविषयी माझं नेमकं मत काय, हे त्यांच्या घरात काही वर्षं राहूनही मला सांगता येत नाही. त्या दिवशी मी नुकतीच वरच्या मजल्यावर राहायला आले होते. खोक्यांच्या दोऱ्याही सोडल्या नव्हत्या. काका स्वतः जिना चढून बशी घेऊन आले. पिवळे, उकडलेले, बोटाएवढे तुकडे, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, आणि शेजारी वाटीभर घट्ट वरण.

“काय आहे हे?” मी विचारलं.

“कंद. कसावा म्हणतात त्याले. ज्याचा साबुदाणा होते ना, तो. वाळवून ठेवला होता.”

“आणि जहर?”

“ते गटारात गेलं.”

मी खाल्लं. का खाल्लं ते विचारू नका. परक्या गावात नवी भाडेकरीण, आणि घरमालक दारात उभे. चव बटाटा आणि शिंगाडा यांच्या मधली कुठली तरी होती, वाईट नव्हती. काका माझा घास न् घास पाहत होते. मी वाटी बाजूला सारली तर म्हणाले, “वरणासोबत खा बाई. नुसता नको खाऊ. नुसत्यात काही नाही.” बशी रिकामी झाल्यावर ते समाधानाने खाली गेले, आणि मी पोटावर हात ठेवून काय होतंय याची वाट पाहत बसले. काही झालं नाही.

मी मूळची साताऱ्याकडची, नागपुरात एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. एका प्रश्नाला एक उत्तर असावं, निदान असलेली उत्तरं एकमेकांशी भांडू नयेत, एवढीच माझी माणसांकडून अपेक्षा असते. काकांकडे प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं होती, दोन्ही एकमेकांच्या उलट आणि दोन्ही सारख्याच ठामपणे दिलेली. पहिल्याच उन्हाळ्यात ते गच्चीवर जुन्या धोतरावर कंदाच्या चकत्या पसरत होते. मी आपली शिष्टाचार म्हणून म्हटलं, “काका, ऊन काय भयंकर आहे हो तुमच्याकडचं!” तर ते खूश झाले. “असं ऊन दुनियेत नाही. सगळं फुकट जाऊन राहिलं. लोकं कूलरमध्ये बसतात अन् हे एवढं ऊन वाया.” दुसऱ्या दिवशी तेच काका त्याच चकत्यांवर जुनी चादर ताणून सावली करत होते. मी विचारलं, तर म्हणाले, “नागपूरचं ऊन ह्या कामाले एकदम बेकार. घाई करते. चकती पटकन वाळली की जहर आतच अडकते. हळूहळू वाळली तर ते निघून जाते.” काल तर चांगलं होतं, असं मी म्हटलं. “चांगलंच आहे,” ते म्हणाले, आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

काका केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले. जमिनीला खोल भोकं पाडायची आणि खाली काय आहे ते पाहायचं, हे त्यांच्या खात्याचं काम. त्या कामावर त्यांची बरीच वर्षं केरळात तंबूत गेली. काकू नागपुरातच, सासू-सासऱ्यांजवळ. तंबूच्या शेजारच्या वस्तीतल्या बायकांनी काकांना हा कंद खायला आणि रांधायला शिकवलं. निवृत्तीनंतर बाकीचे लोक तिकडून मसाले आणतात, यांनी कंदाच्या काड्या आणल्या आणि मागच्या अंगणात लावल्या. तुळशीच्या मागे ती झाडं माणसाच्या उंचीची झाली होती. ती पुरली नाहीत की काका पहाटे कळमन्याच्या बाजारात जाऊन बटाट्याच्या आणि रताळ्याच्या गाड्यांमधून फिरायचे. कधी काळी एखादं पोतं मिळालं की लेकीचं लग्न ठरल्यासारखे घरी यायचे.

कंद शिजवायचा त्यांचा विधी मी इतक्यांदा पाहिला आहे की मला तो झोपेतही सांगता येईल. काकूंच्या स्वयंपाकघरात त्यांना मज्जाव होता. मागच्या ओसरीत त्यांची वेगळी शेगडी होती, आणि तिच्यावर एक मोठा गंज. नागपुरात पातेल्याला गंज म्हणतात, हे मला तिथेच कळलं. कच्चा वाळवलेला कंद असेल तर तो आधी रात्रभर भरपूर पाण्यात बुडवायचा. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. मग नव्या पाण्यात उकळायचा, तेही पाणी ओतून द्यायचं. मग पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा ओतायचं. गंजावर झाकण ठेवायचं नाही म्हणजे नाही. “वाफेसोबत जहर जाते. झाकण ठेवलं की ते घरी मुक्कामाले राहते,” असं ते म्हणायचे. कुकरचं तर नावही काढायचं नाही. उकळी फुटली की स्वतः पुठ्ठ्याने वारा घालून वाफ अंगणाकडे हाकलायचे, आणि कोणी जवळ आलं की ओरडायचे, “मागं हो! मागं हो!” माशा हाकलाव्यात तसं मला हाकललेलं आहे त्यांनी.

“पहिलं पाणी गटाराचं, दुसरंही गटाराचं, तिसरं झाडाले चालते,” हे त्यांचं वचन. तिसरं पाणी मात्र मी त्यांना कधीच झाडाला घालताना पाहिलं नाही. तेही गटारातच जायचं. मी एकदा ते दाखवून दिलं. “चालते म्हणलं मी. घालतो कुठं म्हणलं?” असं त्यांचं उत्तर.

एवढा खटाटोप ज्या वस्तूसाठी, ती वस्तू तरी काकांच्या मते थोर असावी की नाही? तर नाही. “ह्यात काही नाही बाई. खड्डा बुजवायले मुरूम टाकतात ना, तसा हा. नुसता भराव. पोट भरते, ताकद थोडी मिळते, अंगाले काही लागत नाही. ह्याच्यासोबत डाळ पाहिजे, शेंगदाणे पाहिजे, अंडं पाहिजे, मासळी पाहिजे. मग पाहा!” मग डाळच का खात नाही थेट, असं विचारलं की ते माझ्याकडे अशा दयेने पाहत की मला बोर्डाचा पेपर चुकल्यासारखं व्हायचं.

डाळीचं त्यांना वेडच होतं. माणसं भेटल्यावर ‘कसं काय’ विचारतात, हे विचारायचे, “डाळ खाल्ली काय आज?” दूधवाल्याला विचारायचे, मीटर पाहायला येणाऱ्याला विचारायचे, एकदा माझ्या प्राचार्यांनाही विचारलं. फक्त एका माणसाला ते हा प्रश्न कधी विचारत नसत, आणि ती म्हणजे काकू. हे लक्षात यायला मला फार दिवस लागले.

काकूंकडे येतेच, पण आधी पोलिसांचं सांगते. कंदाचं पान पंजासारखं असतं, लांब लांब बोटांचं. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या कुणीतरी भिंतीवरून ते पाहिलं आणि चौकीवर कळवलं की म्हाताऱ्याने मागे गांजा लावलाय. दोन शिपाई आले. मी नेमकी जिन्यात होते. मोठ्या शिपायाने पान हातात घेऊन विचारलं, “काकाजी, हे काय झाड आहे?”

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, साबुदाण्याचं. विषय मिटला असता. काका छाती काढून म्हणाले, “जहरी आहे! पान जहरी, साल जहरी, कंद जहरी. बकरीनं खाल्लं तर बकरी जाते.”

शिपायाने पान टाकून दिलं आणि हात पँटला पुसला. “अन् तुम्ही काहून लावलं हे?”

“खायले.”

दोघा शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा मला म्हणाला, “मॅडम, घरी कोणी मोठं माणूस आहे काय?” शेवटी काकू बाहेर आल्या. “साबुदाण्याचं झाड आहे जी ते. ह्यायचं ऐकू नका, ह्यायले सवय आहे,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. शिपायांना ते लगेच पटलं. काका मात्र त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले. “बसा ना, उकडलेला आहे, खाऊन पाहा. जहर काढलेला आहे!” ते दोघे जवळजवळ पळालेच.

तर काकू. ठेंगण्या, सडपातळ, बोलायला कमी आणि हेका ठेवायला पक्क्या. नवरा-बायको एकमेकांशी थेट फारसं बोलत नसत, माझ्यामार्फत बोलत. मी मधल्या पायरीवर उभी, काकू स्वयंपाकघरात, काका ओसरीत. “त्यायले सांग, चहा झाला.” दोघांत अंतर दहा पावलांचं नसेल. मला आधी वाटलं भांडण असेल. मग वाटलं सवय असेल. मग मी वाटणंच सोडून दिलं.

आणि काकूंचे उपवास! सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, प्रदोष, आणि एकादशी तर विचारूच नका, दोन्ही एकादशा कडक पाळायच्या. महिन्यातून जेवणाचे दिवस शोधायला पंचांग घेऊन बसावं लागायचं. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, राजगिरा, भगर, आणि तेही चिमणीएवढं. मी तिथे राहत असतानाच काकूंची पावलं सुजायला लागली. जिना चढून येताना मध्ये बसायच्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अंगात काही उरलेलं नाही, डाळी-कडधान्यं खा, दूध घ्या, हे उपवास आता बंद करा, नाहीतर काय होईल ते मी सांगू शकत नाही. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

काकांनी सगळे उपाय केले. भगरीत शेंगदाण्याचं कूट जास्त टाकायचे, दह्याची वाटी पानाजवळ सरकवून ठेवायचे. काकू कूट बाजूला काढायच्या. त्या काळात काका मला फार चिडके वाटायचे. आता मला कळतं, ते घाबरलेले होते. पण घाबरलेला माणूस कंदाच्या झाडाला पाणी घालत का बसतो, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आताही नीटसं कळत नाही.

उपवासांचं कारण मला काकूंनीच सांगितलं, एकदा वाती करता करता. मी जरा रागानेच विचारलं होतं, “काकू, देव काय उपाशी राहा म्हणून सांगायला आलाय का?”

“देव नाही आला वं. तार आली होती,” त्या म्हणाल्या. “हे तिकडं असताना मशीन पडली ह्यायच्या अंगावर. वाचते का नाही, कोणाले माहीत नाही. मी तवा देवापुढं बोलली, हे वाचले तं जलमभर एकादशी मोडणार नाही. मंग वाचले.”

“आणि बाकीचे वार?”

“ते मंग लागत गेले. काहीबाही व्हायचं ह्यायले. एक उपास धरला की मले बरं वाटायचं.”

“काकांना माहीत आहे?”

“त्यायले कायले सांगू?” वात वळत त्या म्हणाल्या. काकांना सगळं माहीत होतं. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि काकूंना कळू देऊ नको म्हणून बजावलं होतं. म्हणजे ती त्यांच्यासाठी उपाशी राहत होती, ते तिला जेवू घालायला धडपडत होते, दोघांनाही एकमेकांचं ठाऊक होतं, आणि मध्ये मी, निरोप पोचवणारी. माझं डोकं भणभणायचं.

आता त्या एकादशीचं सांगते. काकांचा केरळातल्या दिवसांपासूनचा एक मित्र, लष्करातून निवृत्त झालेला, कामठीला राहायचा. तो आजारी होता म्हणून काका सकाळीच सीटवाल्या, म्हणजे शेअर ऑटोने कामठीला गेले. घरी दोघीच, आणि मीही थोड्या वेळाने कॉलेजात.

काकांकडे वाळवलेल्या कंदाचे दोन डबे असत. एकात आधी मीठ-हळद घालून उकडून, मग वाळवलेल्या पिवळ्या चकत्या. त्या बऱ्याचशा निर्धोक, तरी त्याही काका पुन्हा उकळायचे. दुसऱ्यात कच्च्याच वाळवलेल्या, खडूसारख्या पांढऱ्या. त्याच त्या, घाईच्या उन्हातल्या. खरं जहर त्या डब्यात.

काकूंनी दोन्ही डबे उघडून पाहिले. पिवळ्याला हळद लागलेली, साधं मीठ लागलेलं. एकादशीला हळद चालत नाही, साधं मीठ तर नाहीच, सैंधव लागतं. पांढऱ्याला काही शिवलेलं नव्हतं. शुद्ध. त्यांनी पांढरा घेतला. आणि जहराचं बोलणं म्हणजे काकांची सवय असंच त्या धरून चालायच्या; साबुदाण्याचाच तर कंद, म्हणून साबुदाण्यासारखाच भिजवला. आपल्याकडे साबुदाणा कसा भिजवतात? पाणी मोजकं, सगळं आत मुरेल एवढंच, वर झाकण. पाणी फेकलं तर सुगरणपण कसलं! काकूंनी जन्मभर तसाच भिजवला होता, त्यांच्या साबुदाण्याचा दाणा न् दाणा मोकळा असायचा. चकत्या फुगल्या, पाण्याचा थेंब उरला नाही. मग मिक्सरमधून काढून, जिरं, हिरवी मिरची, सैंधव घालून त्यांनी तव्यावर थालीपिठं लावली, नीट वाफ यावी म्हणून झाकून. आणि उपाशीपोटी खाल्ली.

मी दुपारी कॉलेजातून परतले, तर काकूंनी मला हाक मारून एक तुकडा दिला. मी डबा खाऊन आले होते, म्हणून कोपराच तोडला. कडवट लागला. “थोडं कडू आहे ना?” मी म्हटलं.

“मेथी बी कडूच राहते,” काकू म्हणाल्या. चेहऱ्यावर मात्र लहान मुलीसारखा आनंद. “हे येतील तं दाखवीन. इतके वर्षं म्हणून राहिले, खा, खा. आज माझ्या पद्धतीनं केलं.”

मी वर गेले. तासाभराने खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला. काकू मोरीजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओकून ओकून पांढऱ्याफटक. डोकं फुटतंय म्हणत होत्या, श्वास भराभर चालला होता. “पित्त आहे, उपासाचं. लिंबू आण,” एवढं म्हणाल्या. मीही पित्तच समजले. आपल्या घरांत उपाशी बाईला काहीही झालं की ते पित्तच असतं. मी लिंबू कापत असतानाच काका फाटकातून आत आले.

त्यांनी आधी काकूंकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर ओट्यावर गेली. पांढरा डबा उघडा, तव्यावर झाकण. त्या माणसाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. मग ते खाली बसले, आणि मी त्या घरात पहिल्यांदाच त्यांना काकूंशी थेट बोलताना ऐकलं. “पाणी फेकलं होतं काय वं? सांग ना. पाणी फेकलं होतं?”

काकूंनी मान हलवली. नाही.

ऑटोत त्यांनी काकूंना मांडीवर घेतलं होतं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी कशीबशी बसले.  दवाखान्यात त्यांनी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला एका दमात सगळं सांगितलं, कुठला कंद, कसा वाळवलेला, कसा भिजवलेला, त्याने शरीरात काय होतं ते. डॉक्टर गोंधळला. “म्हणजे साबुदाण्यातून विषबाधा?”

“साबुदाणा नाही बाबा. साबुदाण्याचं सगळं काढून झालेलं असते. हा त्याच्या आधीचा आहे.” डॉक्टरने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांना ते बरोबर कळलं, आणि मग धावपळ सुरू झाली. ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. थोड्या वेळाने मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, “बनवलं कोणी हे?”

“मी,” काका म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तोंड उघडलं, तर काकांनी तळहात उभा धरून मला गप्प केलं. डॉक्टरांनी त्यांना बरंच सुनावलं. इतकी माहिती आहे आणि बायकोला असं खायला घालता? काका मान खाली घालून “हाव, हाव” करत राहिले, म्हणजे हो, हो. संध्याकाळी पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीचा फोन आला. तिचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता. “बाबा, तुमच्या ह्या वेडापायी एक दिवस आईला मारून टाकाल तुम्ही!” त्यालाही “हाव”. मला इतका संताप आला, कोणाचा ते कळेना. मुलीचा, काकांचा, त्या सैंधव मिठाचा. मी काकूंकडे पाहिलं. त्या डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“काका, खोटं का बोललात?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“खोटं कुठं? डबा माझा होता.”

“पण केलं काकूंनी.”

“तिच्या हातचं आजवर कधी बिघडलं नाही,” ते म्हणाले, जणू हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. मला ते उत्तर वाटलं नाही, पण मी तिथेच बाकावर बसून रडले.

काकू वाचल्या. घरी आल्यावर काकांनी पहिलं काम काय केलं असेल, तर अंगणातलं एकूण एक झाड उपटलं. दोन्ही डबे आणि पाला-काड्या खोल खड्डा करून पुरल्या, गल्लीतल्या गाई-बकऱ्यांनी तोंड लावू नये म्हणून. ओसरीतली शेगडीही भंगारवाल्याला दिली. मला वाटलं काकू सुटकेचा श्वास सोडतील. त्या उजाड अंगणाकडे पाहत म्हणाल्या, “एवढं तं नव्हतं करायचं.” पण हे त्या मला म्हणाल्या. काकांना सांग म्हणाल्या नाहीत, म्हणून मी सांगितलं नाही.

पंधरवड्याने पुन्हा एकादशी आली. मी कॉलेजला निघाले होते, तर स्वयंपाकघरात काका. काकूंच्या स्वयंपाकघरात! आणि काकू पाटावर बसून त्यांच्याकडे पाहताहेत. काकांनी साबुदाणा भिजवला होता. हात कंदाला सवयीचा, त्यामुळे भरपूर पाणी घातलं, फेकलं, पुन्हा घातलं, पुन्हा फेकलं. त्या साबुदाण्याची खळ झाली होती. त्याची त्यांनी सैंधव मीठ घालून खिचडी केली होती, म्हणजे एक पांढरा गोळा. डाळीचं नाव नाही, दह्याची वाटी नाही, शेंगदाण्याचं कूटही काकूंना चालतं तेवढंच, चिमूटभर. त्यांनी तो गोळा ताटात घालून काकूंपुढे ठेवला आणि समोर बसले. हरलेला माणूस मी जवळून पाहिला तो तेव्हा. इतकी वर्षं तिने चार घास धड खावेत म्हणून भांडले, आणि आता तिला हवं ते, हवं तसं द्यायचं, एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं. मला त्यांची फार कीव आली.

काकूंनी बोटाने गोळ्याला स्पर्श केला. मग ताट हळूच बाजूला सारलं.

“हे राहू द्या,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता, थेट त्यांना. “वरण-भात लावा.”

काकांना कळलंच नाही. “कोणाले?”

“मले.”

आता मला वाटलं, हा माणूस उडी मारून उठेल. तर ते घाबरून म्हणाले, “अवं, एकादशी आहे आज!”

“माहीत आहे मले.”

“तू बोलली होती ना देवापुढं... जलमभर म्हणून...”

 काकांना माहीत असल्याचं काकूंना माहीत होतं, पण ते बोलून दाखवलं गेलं ते तेव्हाच. “हाव, बोलली होती,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात तुमी माझ्यासाठी खोटं बोलले. पोरीच्या शिव्या खाल्ल्या. ते पाप लागलं तुमाले. आज मी एकादशी मोडते, हे मले लागन. आता जिथं जायचं तिथं दोघंबी सोबत जाऊ. एकटं कोणालेच पाठवायचं नाही.”

काका उठले. डब्यातून तुरीची डाळ काढायला गेले आणि तिथेच उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून.  काकूंनी त्यांना उभं राहू दिलं. मग वाटी हातात घेऊन ते म्हणाले, “किती घेऊ?”

“दोघांची,” काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तुले उशीर होऊन राहिला काय वं?”

नाही, मी म्हटलं, आणि चपला काढल्या.

“तिघांची घ्या,” काकूंनी सांगितलं.